ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवताना

कॅडेट मित्रांनो, सुटीवर घरी गेलात की तुमच्यापैकी बरेच जण ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवून पाहता. पूर्वी त्यासाठी आकडे हाताने चढवत रात्र जागावी लागे. २०१८ साली एनव्हिडियाने आरटीएक्स २० मालिकेबरोबर ‘स्कॅनर’ आणला, आणि एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबले की काम होऊ लागले. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय आहे.

हे सॉफ्टवेअर करते काय? कार्डाला गणिते सोडवायला देते आणि प्रत्येक व्होल्टेजला चिप किती मेगाहर्ट्झपर्यंत न चुकता चालते ते पाहते. उत्तर चुकले की एक पायरी मागे येते. शेवटी व्होल्टेज आणि वेग यांचा एक आलेख तयार होतो आणि कार्ड त्यावर चालू लागते. फायदा बहुधा काही टक्क्यांचाच असतो.

ही चाचणी त्या दिवसाच्या हवेतली असते, हे मात्र लक्षात येत नाही. गेल्या मे महिन्यात मी वाराणसीला आतेभावाकडे होतो. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली आहे. लग्नामुंजीच्या चित्रफितींचे संपादन हा त्याचा धंदा, म्हणजे संगणक बंद तर कमाई बंद. एका लग्नाची फीत दोन दिवसांत द्यायची होती आणि पडदा मध्येच काळा होऊन परत येत होता. कधी संपादनाचा प्रोग्राम आपोआप बंद पडे. तो विजेला दोष देत होता. (काशीत विजेला दोष देणे सोपेच आहे.) मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे ४१०१ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती. कार्डाने साधारण दोन सेकंद उत्तर दिले नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, त्याची ही नोंद.

स्कॅन त्याने जानेवारीत केला होता. काशीत तेव्हा रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर असतो. तापलेल्या चिपला तोच वेग पेलायला साधारणपणे जास्त व्होल्टेज लागते, म्हणून जानेवारीचा आलेख मे महिन्यात टिकला नाही. आम्ही आधी सगळे मूळ सेटिंगवर आणले आणि फीत पूर्ण होऊ दिली. मग कॅबिनेट उघडून हीटसिंकमधली धूळ ब्रशने काढली, कार्ड यूपीएसवर घेतले, आणि भर दुपारी तीन वाजता पुन्हा स्कॅन केला. जानेवारीत ११० मेगाहर्ट्झ मिळाले होते, आता ४५. माझ्या मते पोटापाण्याच्या यंत्रावर तेही नकोत. त्याला ते पटलेले नाही. शेजारचा शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचल्याची गोष्ट मात्र तो पाहुण्यांना आवडीने सांगतो.

आता थोडे गणित. चिपला लागणारी वीज वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही ५ टक्के वाढवले, तर १.०५ चा घन, म्हणजे जवळजवळ १६ टक्के जास्त वीज, आणि तिची उष्णताच होते. म्हणून व्होल्टेजची पट्टी हलवू नका. स्कॅननंतर अर्धा तास जड खेळ चालवून तापमान पाहा. बऱ्याच कार्डांवर ८३ अंशांच्या आसपास वेग आपोआप घटू लागतो. कार्ड सतत तिथेच असेल तर वाढवलेला वेग हाती लागतच नाही. मेमरीचा वेग वाढवताना आणखी एक फसगत होते: काही मेमरी चुका स्वतःच दुरुस्त करते, त्यामुळे संगणक बंद पडत नाही, पण काम उलट मंदावते. वाढीआधी आणि वाढीनंतर एकच चाचणी चालवून आकडे वहीत लिहा.

पालकांसाठी एक सूचना. २०२१ मध्ये आफ्टरबर्नरच्या नावाने बनावट संकेतस्थळ चालत असल्याचा इशारा एमएसआयनेच दिला होता. सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि कार्डाच्या वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात.

‘विंडोजबरोबर सुरू करा’ हा पर्याय पहिले आठ-दहा दिवस बंद ठेवा. मग काही बिघडलेच, तर संगणक बंद करून चालू केला की कार्ड मूळ वेगावर येते.