पिक्चर बघून इंग्रजी ‘आपोआप’ येतं?

“रोज एक इंग्लिश पिक्चर बघ, सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागशील.” हा सल्ला सुरतेच्या कतारगाममध्ये चहाच्या टपरीवर मिळतो, नात्यातला शिकलेला मुलगा देतो आणि मोबाइलवरचे व्हिडिओ तर दिवसभर देत असतात. हिऱ्याच्या धंद्यात मंदी आल्यापासून घंटीवर (हिरे घासायच्या चाकावर) बसणाऱ्या कितीतरी तरुणांना दुसरी वाट शोधावी लागते आहे. मुलाखतीत इंग्रजी आडवं येतं. अशा वेळी चुकीचा सल्ला त्यांचे महिने खातो आणि वर ‘आपल्यालाच डोकं नाही’ अशी समजूत करून देतो. राग येतो तो याचाच.

पिक्चर निरुपयोगी नाहीत. गैरसमज आहे तो ‘आपोआप’ या शब्दात.

स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स या भाषा-अभ्यासकांनी 2009 साली 318 चित्रपटांचे संवाद तपासले. नेहमीच्या वापरातली 3,000 शब्दकुटुंबं येत असतील (म्हणजे ‘गो, गोज, वेन्ट’ हे सगळं मिळून एक), तर विशेषनामं धरून संवादांतले जवळपास 95 टक्के शब्द ओळखीचे निघतात. 98 टक्क्यांपर्यंत जायला 6,000 लागतात. ज्याच्याकडे पाच-सातशेच शब्द आहेत, त्याच्यासमोरून संवाद नुसते वाहून जातात. त्याला गोष्ट कळते ती नटाचा चेहरा, पार्श्वसंगीत आणि मारामारी बघून. गोष्ट कळली म्हणजे भाषा कळली, असं समजणं इथेच फसवतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘खाली हिंदी अक्षरं लाव’. त्याचीही तपासणी झाली आहे. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन उच्चारांतले इंग्रजी व्हिडिओ दाखवले. इंग्रजी अक्षरं वाचत ऐकणाऱ्यांना तो अनोळखी उच्चार पुढे जास्त चांगला ओळखता आला. डच अक्षरं वाचणाऱ्यांना नवीन वाक्यं ओळखताना उलट अडचणच झाली. डोळे मातृभाषेत गुंतले की कान मागे पडतात. अगदी नवशिक्याने पहिल्यांदा गोष्ट समजून घ्यायला हिंदी अक्षरं लावली तर हरकत नाही, पण तिथेच थांबलं तर मनोरंजनापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

ऐकायची आणि वाचायची भाषा एकच ठेवायची, हे सूत्र गुजरातमध्ये आधीच वापरून झालं आहे. ब्रिज कोठारी अमेरिकेत स्पॅनिश शिकत असताना स्पॅनिश चित्रपट पाहत होते. खालची अक्षरंही स्पॅनिशच असती तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. पुढे आयआयएम अहमदाबादमध्ये त्यांनी तीच कल्पना साक्षरतेसाठी वापरली आणि अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजरातीच ओळी झळकू लागल्या.

मग ‘बीटीएस’ या कोरियन बँडमधल्या आरएमचं उदाहरण पुढे केलं जातं. ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका बघून तो इंग्रजी शिकला, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. पण हे उदाहरण देणारे पुढचं वाक्य गाळतात: आधी कोरियन अक्षरं लावून, मग इंग्रजी अक्षरं लावून, मग अक्षरांशिवाय. तीच मालिका, पुन्हा पुन्हा. मालिकेत तीच माणसं, तीच घरं आणि म्हणून तेच शब्द परत परत भेटतात. रोज नवा पिक्चर बघणाऱ्याला ही उजळणी मिळत नाही.

पिक्चरमधून खरोखर मिळतं ते शाळेत न मिळणारं. पुस्तकात ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू डू’ हे सुटं सुटं सहा शब्दांचं वाक्य असतं. पडद्यावर ते ‘व्हॉड्या वॉना डू’ असं एका दमात निघून जातं. दोन मिनिटांचा एकच प्रसंग घ्यावा, दुकानातला किंवा जेवणाच्या टेबलावरचा. इंग्रजी अक्षरं लावून ऐकावा, थांबवून मोठ्याने म्हणावा, अक्षरं काढून पुन्हा ऐकावा. मग त्यातली दोन-तीन वाक्यं दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोलून वापरावीत.

हे शेवटचं टाळलं की बाकीचं वाया जातं. खानदेशातून सुरतेत आलेली माणसं घरात अहिराणी बोलतात आणि कारखान्यात गुजराती. ती गुजराती पिक्चर बघून आलेली नाही. शेजारच्या घंटीवरच्या माणसाने उत्तर दिलं, चुकलेलं सुधारलं, तशी ती आली. पडदा उत्तर देत नाही. गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधली (2012) शशी गोडबोलेसुद्धा वर्गात जाऊन, चुकत, लोकांशी बोलत शिकते.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. अ‍ॅक्शनपट सोपे म्हणून निवडू नयेत. त्यांत बोलणंच कमी असतं. कार्टून फक्त मुलांसाठी, हेही खरं नाही. अमेरिकन उच्चार जमलाच पाहिजे असं काही नाही, समोरच्याला कळलं की पुरे. पडद्यावरच्या शिव्या आणि टपोरी वाक्यं मुलाखतीत नेऊ नयेत. आणि धंद्याचे शब्द पिक्चरमध्ये सापडतील ही आशा सोडावी. ‘क्लॅरिटी’, ‘सिमेट्री’, ‘फ्लोरेसन्स’ यांसाठी हिऱ्यांची प्रत ठरवणाऱ्या ‘जीआयए’ या संस्थेचा अहवालच समोर घ्यावा. हिरा घासणाऱ्याला त्यातल्या बहुतेक गोष्टी कामामुळे आधीच ठाऊक असतात. अडतं ते इंग्रजी नावापाशी.