पिसवा परत का येतात?

‘तीन वेळा फवारले, तरी पिसवा जात नाहीत,’ ही तक्रार पावसाळ्यात विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी हमखास येते. तिच्यापुढचे वाक्य अधिक काळजीचे असते: ‘मग चौथ्या वेळी औषध दुप्पट केले.’ हे औषध पुष्कळदा कपाशीसाठी आणलेल्या बाटलीतले असते आणि ते गोठ्याच्या जमिनीबरोबरच कुत्र्याच्या, शेळीच्या अंगावरही ओतले जाते. जनावर अंग चाटते, विष पोटात जाते. लाळ गळणे, थरथर, झटके अशी लक्षणे दिसतात आणि प्रसंगी ते दगावते. पिसवा मात्र आठ दिवसांत पुन्हा दिसू लागतात. अशा वेळी चूक औषधाच्या मात्रेत क्वचितच असते. ती जागेच्या आणि वेळेच्या निवडीत असते.

घरात व गोठ्यात त्रास देणारी पिसू बहुतांशी टेनोसेफॅलिडिस वंशातील असते. तिच्यातील एका जातीस मांजरपिसू म्हणतात. पण नावावर जाऊ नये, ती कुत्रा, शेळी, वासरू यांच्यावरही सुखाने राहते. रक्त मिळाल्यापासून दीड-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते आणि ऐन भरात दिवसाला 40 ते 50 अंडी देते. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. जनावर जिथे बसते, अंग झाडते, तिथे ती गळून पडतात. म्हणूनच एकूण पिसवांपैकी अंगावर दिसणारे प्रौढ कीटक ढोबळ मानाने शंभरात पाचच भरतात. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत गोणपाटाखाली, जमिनीच्या भेगांत, उंबऱ्याच्या फटीत असतात.

अळी रक्त शोषत नाही. तिचा मुख्य आहार म्हणजे प्रौढ पिसवांची वाळलेली, रक्तमिश्रित विष्ठा. तीही अंड्यांबरोबर जनावराच्या अंगावरून खाली झडते. पांढऱ्या ओल्या कापसावर हे काळे कण ठेवले की तांबूस डाग उमटतो. जनावराच्या अंगावर एकही पिसू दिसत नसताना निदान करण्याची याहून सोपी रीत नाही. अळीला अंधार आणि दमटपणा हवा असतो. कडक उन्हात, कोरड्या हवेत ती तगत नाही.

खरी अडचण कोषाची आहे. अळी रेशमी धाग्यांचा चिकट कोष विणते, त्यावर धूळ-माती बसते आणि तो जमिनीत मिसळून जातो. फवारलेले कीटकनाशक आत फारसे पोहोचत नाही. आत तयार झालेली पिसू अनुकूल संकेत मिळेपर्यंत कित्येक आठवडे, प्रसंगी चार-पाच महिनेही थांबून राहते. पावलांचा दाब, अंगाची ऊब, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड हे ते संकेत. दिवाळीच्या सुटीनंतर बंद घराचे कुलूप काढताच पायांवर पिसवा चढतात, त्या बाहेरून आलेल्या नसतात. आपली वाट पाहत घरातच बसलेल्या असतात.

म्हणून जनावर आणि जागा यांची हाताळणी एकाच दिवशी सुरू करावी, आणि घरातील सर्व जनावरांची. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. औषध जनावरांसाठी मान्यता असलेलेच, वजन व वय पाहून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते तिच्या जिवावर बेतते. लहान करडांच्या बाबतीत विलंब परवडत नाही. अंगावर पिसवा फार झाल्या तर रक्तक्षयाने करडे मरतात. हिरड्या व पापणीची आतील बाजू फिकट दिसली, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे.

अंथरूण, गोणपाट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. गोठ्यातील जुने अंथरूण व धूळ खरवडून काढावी, भेगा बुजवाव्यात. केर दारात टाकू नये, जाळावा. फवारणी करायचीच झाली तर कुत्र्याची झोपण्याची जागा, भिंतीचा पाया, सावलीचा कोपरा एवढ्यापुरती करावी. उन्हाने तापणाऱ्या अंगणावर औषध दवडण्यात अर्थ नाही. पायरीप्रॉक्सिफेनसारखे कीटकवाढ नियंत्रक मिळाल्यास ते अंडी व अळ्यांची पुढील वाढ रोखते. कोषांवर त्याचाही विशेष उपयोग नाही. तिथे रोजचा झाडू कामी येतो, कारण त्याच्या हादऱ्यांनी पिसवा कोषाबाहेर पडतात आणि मग औषधाच्या कक्षेत येतात.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काही पिसवा दिसतील. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात; त्यामुळे औषध फसले असे मानून मात्रा वाढवू नये, जनावरावरील उपचार दोन-तीन महिने ठरल्याप्रमाणे चालू ठेवावेत. प्रगती मोजण्यासाठी रात्री जमिनीलगत एका उथळ ताटात साबणाचे पाणी ठेवून त्यावर लहान दिवा लावावा. सकाळी ताटातील पिसवा मोजून वहीत लिहाव्यात. आकडा आठवड्यागणिक उतरत असेल, तर कीटकनाशकाची दुसरी बाटली आणण्याची गरज नाही.