तंबाखूमुक्तीसाठी दंतवैद्यांचे प्रशिक्षण

दाढ दुखू लागली म्हणजे माणूस दंतवैद्याची पायरी चढतो; तंबाखू सोडण्यासाठी मात्र तो सहसा कोणाकडेच जात नाही. औरंगपुरा-गुलमंडीच्या बाजारात येणारा शेतकरी असो वा पहाटे मिश्री लावणारी गृहिणी, व्यसनाची खूण बहुधा प्रथम दिसते ती दंतवैद्यासच: गालाच्या आतील पांढरा चट्टा, काळवंडलेले दात, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड.

सन २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूररहित तंबाखू सेवन करणारे आढळले. त्याच सर्वेक्षणानुसार, वर्षभरात वैद्यकीय सेवा घेतलेल्या देशातील धूररहित तंबाखू सेवन करणाऱ्यांपैकी अवघ्या ३१.७ टक्के जणांना ती सोडण्याचा सल्ला मिळाला होता. खूण दिसते, परंतु शब्द निघत नाही.

हा शब्द कसा उच्चारावा, हे शिकावे लागते. सन २०१८ मध्ये केंद्र शासनाने दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे स्थापन करण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शासकीय दंत महाविद्यालय असलेल्या आपल्या शहरास त्यांचे महत्त्व विशेष आहे.

प्रशिक्षणात पाच पायऱ्या शिकविल्या जातात: प्रत्येक रुग्णास विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, मनाची तयारी अजमावणे, साहाय्य करणे आणि पाठपुरावा ठेवणे. ‘व्यसन आहे का?’ असे विचारल्यास मिश्री लावणारी स्त्री ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या दृष्टीने ते दंतमंजन असते. म्हणून मिश्री, मावा, गुटखा यांची नावे घेऊनच विचारावे लागते. रागावणे वर्ज्य, आरशात रुग्णास त्याचाच चट्टा दाखविणे अधिक परिणामकारक ठरते.

तंबाखू सोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात चिडचिड व अस्वस्थता अधिक असते. पुढील काही आठवड्यांत ती ओसरते. निकोटिनयुक्त च्युइंगगम उपयुक्त असले, तरी ज्याचे तोंडच उघडत नाही त्यास त्वचेवर लावावयाची पट्टी सोयीची, हा विवेकही प्रशिक्षणातूनच येतो.

कुटुंबीयांस विनंती, की या दिवसांत रुग्णास टोमणे मारू नयेत. १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवाही मार्गदर्शन करते. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम त्वरित तपासून घ्यावी. दातृवर्गास इतकेच निवेदन, की दिलेल्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, रुग्णाशी बोललेल्या पाच मिनिटांवर नाही. परंतु ती पाच मिनिटे एखाद्या घराचा कर्ता पुरुष वा माउली वाचवू शकतात.