कोंबडी लंगडते तेव्हा

कोंबडी अंडी देईनाशी झाली, की घरात लगेच चौकशी सुरू होते. ती लंगडू लागली, तर मात्र ‘कुठेतरी मुरगळले असेल’ म्हणून दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः परसात चरणाऱ्या कोंबडीचे पोट तिच्या पायांवर चालते. तिला उकरता आले नाही, तर दाणा-किडा मिळत नाही. आणि दुबळ्या पक्ष्याला टोचण्यास इतर कोंबड्या विलंब लावीत नाहीत.

प्रथम तळवा उलटून पाहावा. तेथे सूज असून मध्यभागी काळी खपली दिसली, तर तो तळव्याचा गळू समजावा. खरबरीत दांडी, ओले तूस किंवा उंचावरून मारलेली उडी यांमुळे त्वचेला इजा होते आणि ‘स्टॅफिलोकोकस’ नावाचे जंतू आत शिरतात. हैदराबादची वनराजा, बंगळूरची गिरिराजा अशा सुधारित जाती आता आपल्या खेड्यांतही दिसतात. त्या गावठी कोंबडीहून वजनदार असल्याने त्यांची बसण्याची दांडी गुडघ्याहून उंच नसावी व तिच्या कडा घासून गोल कराव्यात. सूज नवीन असेल, तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा मिनिटे बुडवून कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधावी आणि पक्षी कोरड्या जागी वेगळा ठेवावा. आतील पू मात्र पनीरासारखा घट्ट असतो. तो दाबून निघत नाही. तो काढण्याचे काम पशुवैद्यकाचे. हे जंतू माणसालाही बाधू शकतात, म्हणून हातमोजे घालावेत.

पायावरील खवले उचललेले व चुन्यासारखे पांढरट दिसले, तर दोष निराळा. खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारा खरजेचा किडा बिळे करून राहतो आणि रात्री शेजारी बसणाऱ्या कोंबडीच्या पायावर जातो. त्यासाठी एकीवर उपचार करून भागत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने पाय भिजवून मऊ करावेत. खवले ओरबाडू नयेत. नंतर व्हॅसलीन दाट चोपडावे, म्हणजे किड्याचा श्वास कोंडतो. काही आठवडे हे चालू ठेवावे आणि खुराड्याच्या दांड्याही घासून धुवाव्यात. रॉकेल लावण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्याने कातडी भाजते.

पिल्लांच्या बोटांभोवती केस किंवा दोरा गुंडाळला गेलेला असतो. हे कारण क्षुल्लक वाटते, पण रक्त अडून बोट गळून पडते. अंगणात केस विंचरून गुंतवळ तेथेच टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे! बोटे आत मुडपून पिल्लू टाचांवर चालत असेल, तर खाद्यात रिबोफ्लेविन, म्हणजे ‘ब-२’ जीवनसत्त्व, कमी पडत असावे. लवकर लक्षात आल्यास पूरक जीवनसत्त्वाने सुधारणा होते.

एक पाय पुढे व एक मागे ताणून पक्षी पडून राहिला, तर मारेक रोगाची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही. लस पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच द्यावयाची असते. म्हणून पिल्ले विकत घेताना ती टोचली आहे का, हे उबवणी केंद्रात विचारून घ्यावे.