दस-नौ-आठ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या मोठ्या स्टेशनावर उतरलात, की जरा फलाटाच्या टोकाला नजर टाका. कधीकधी तीन-चार मुलं एकमेकांना चिकटून झोपलेली दिसतील. तीही भर दुपारी! ‘‘काय आळशी पोरं!’’ असं शेजारचे काका म्हणतील. पण रात्री त्यांना झोप कुठली? कुणी लाथ मारून उठवतं, कुणी खिशातले पैसे काढतं, कुणी त्याहूनही वाईट वागतं.

यातलं कुणी मार खाऊन कंटाळलेलं असतं, कुणी नापास झाल्याच्या भीतीनं पळालेलं, तर कुणाचा जन्मच फुटपाथवरचा. नवा आलेला मुलगा आधी टोळी शोधतो. टोळी म्हटल्यावर दचकू नका हं! एक वडापाव चौघांत वाटणारी, ताप आला तर चहा आणून देणारी ही टोळीच त्याचं घर असते. पण याच दोस्तांकडून तो ‘सोल्युशन’ हुंगायलाही शिकतो. भूक आणि भीती घटकाभर विसरायला होतं म्हणे. मेंदूची आणि हृदयाची मात्र त्यानं पार वाट लागते.

मग वाटतं, उचलावं आणि बालगृहात नेऊन ठेवावं. झालं! पण तसं नेलेली कितीतरी मुलं पुन्हा पळून जातात. का? दोस्त मागं राहिलेले असतात, आणि ‘तुला काय हवंय?’ हे कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून जाणते कार्यकर्ते आधी फलाटावरच जाऊन बसतात. गप्पा मारतात, खेळतात. मूल खोटं नाव सांगतं, तर सांगू देतात. वर्गात अबोल मुलाशी आम्हा शिक्षकांना वागावं लागतं ना, अगदी तसंच.

पैशांचंच पाहा. रात्री चोरीला जाणार म्हणून ही मुलं दिवसाची कमाई दिवसाच उडवतात. दिल्लीच्या ‘बटरफ्लाइज’ संस्थेनं २००१ साली अशा मुलांसाठी ‘बालविकास खजाना’ नावाची बँक काढली. तिचे मॅनेजरही मुलंच! पासबुकात चार पैसे जमले, की मूल उद्याच्या गोष्टी बोलू लागतं.

मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांनी ‘चाइल्डलाइन’ सुरू केली. त्याआधी ओळखीची मुलं रात्री-अपरात्री त्यांच्या घरी फोन करायची. त्यातूनच १०९८ हा मुलांसाठीचा फोन निघाला. म्हणायचं कसं? ‘दस-नौ-आठ’! २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेमार्फत चालवला जाऊ लागला. फोन फुकट, रात्रंदिवस चालू.

तुम्हाला एकटं भटकणारं मूल दिसलं, तर त्याला ओढू नका, उपदेशही करू नका. बरोबरच्या मोठ्या माणसाला सांगा आणि हा नंबर लावा. पुढं ते मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं जायला हवं, असा कायदा आहे. आणि बरं का, घरातून निघून जावं असं तुम्हालाच कधी वाटलं, तरी नंबर हाच.

काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. चाइल्डलाइनला असे कितीतरी फोन येत, की पलीकडून कुणी बोलतच नसे. त्या अबोल फोनांचीही वेगळी नोंद ठेवली जाई. तेच मूल काही दिवसांनी पुन्हा फोन करून बोलेल, अशी आशा असे.