पानासारखा ड्रॅगन खोक्यात का जगत नाही?

मागच्या भागात आपण पानांच्या अंगाच्या एका काल्पनिक ड्रॅगनची गोष्ट ऐकली. त्यावर काठीहून एका शाळकरी श्रोत्याचा निरोप आला : "दादा, तुमचा ड्रॅगन आम्हाला सापडलाय. खोक्यात ठेवलाय. अजिबात हलत नाही, शांत आहे. त्याला खायला काय घालू?"

काठी म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं, राजवाडी होळीचं गाव. मित्रा, वर्णनावरून तुझा ड्रॅगन म्हणजे शॅमेलिऑन, आपला घोयरा सरडा. भारतात त्याची ही एकच जात. शेपटीसकट साधारण फूटभर लांब, अंग पानासारखं चपटं. चालतो तेव्हा पुढेमागे डुलत चालतो, जणू वाऱ्याने पान हललं. म्हणूनच तो दिसत नाही. आणि म्हणूनच माणसाला वाटतं, हा कुंडीतल्या झाडासारखा ठेवता येईल.

इथेच फसगत होते. बघा, वाटीत पाणी ठेवलं तरी बहुतेक वेळा तो त्याकडे बघतही नाही. त्याला पाणी कळतं ते पानावरचे थेंब चमकले की. वाटी भरलेली असते आणि सरडा तहानेने वाळत जातो. खाणं जिवंत किड्यांचं, आणि तेही अंगाएवढी लांब जीभ फेकून पकडायचं. खोक्यात तेवढी जागा कुठे? ऊन नाही मिळालं तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम घेता येत नाही आणि हाडं मऊ पडतात. मादी असेल तर अजून अवघड. एरवी झाडावर राहणारी ही मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते आणि माती उकरते. माती नसेल तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते.

आता रंगाचं. तो मागच्या भिंतीशी जुळवायला रंग बदलतो, असं आपण ऐकत आलो. खरं तर ऊन, थंडी, भीती, राग, यावर रंग ठरतो. २०१५ साली जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या एका शॅमेलिऑनमध्ये दाखवलं, की त्वचेतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो. तुमच्या होळीत बुध्या अंगावर नक्षी रंगवतो ती हौसेने, श्रद्धेने. याचे काळे पडलेले ठिपके ही हौस नव्हे. बऱ्याचदा ती घाबरल्याची खूण असते.

म्हणजे तू ज्याला 'शांत' म्हणतोस, ते शांत असणं नाहीच. घाबरला की तो गोठतो. कुत्रा भुंकतो, मांजर ओरडतं, हा फक्त थांबतो. त्यामुळे तो आजारी आहे हे आपल्याला कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

तेव्हा खायला काय घालू, याचं उत्तर : काही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन कर. धडधाकट असेल तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन, जिथे सापडला त्याच झाडाच्या फांदीवर आजच सोड. घरात कुणी विषारी म्हणालं तर सांग, तो विषारी नाही.

फांदीवर सोडलास की जरा लांब उभा राहा. एक डोळा तुझ्याकडे, दुसरा किड्याकडे, असं तो बघेल. मग बघता बघता दिसेनासा होईल. काय झालं ते पुढच्या निरोपात नक्की कळव.