घरखर्चाची डाळ घरच्या तुरीची

मळणी झाली की सगळी तूर बाजारात जाते आणि पावसाळ्यात तिचीच डाळ आपण किराणा दुकानातून किलोकिलोने आणतो. मधली हमाली, वाहतूक, भरडाई व व्यापाऱ्याचा नफा आपल्याच खिशातून जातो.

किती तूर राखावी? रोज पाव किलो डाळ लागणाऱ्या कुटुंबास वर्षाला सुमारे ९० किलो डाळ लागते. एक क्विंटल स्वच्छ तुरीपासून साधारणपणे ६५ ते ७० किलो डाळ मिळते. म्हणजेच १३० ते १४० किलो तूर पुरेशी होते.

आधी हिशेब करावा. क्विंटलभर तुरीचा बाजारभाव व भरडाई यांची बेरीज करून तिला मिळणाऱ्या डाळीच्या किलोंनी भागावे. येणारा दर दुकानातील भावापेक्षा कमी असेल तरच तूर ठेवावी. चुनी व टरफले जनावरांना खाऊ घालता येतात, तो फायदा वेगळा.

साठवणीत मुख्य शत्रू भुंगा. त्याची लागण शेतातच सुरू होते. म्हणून तूर कडक उन्हात वाळवावी. दाणा दाताखाली ‘कट्’ वाजून फुटला पाहिजे. थंड झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावी. अख्ख्या तुरीपेक्षा डाळीला भुंगा कमी लागतो. त्यामुळे शक्यतो मेअखेर भरडून घ्यावी. उरलेल्या तुरीस किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळावे. औषध लावलेले बियाणे मात्र डाळीसाठी कदापि वापरू नये.

यंदा तूर विकण्यापूर्वी घरची गरज मोजा. मगच पोती बाजारात न्या.